वाचकांचे प्रश्न : होसे कारेरास यांचे गाणे आणि ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी उभे राहिलेले काम

रोममध्ये १९९० साली तीन टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष, गायकांची जी प्रसिद्ध मैफल झाली, तिच्यावर गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्या तिघांपैकी होसे कारेरास हे नुकतेच रक्ताच्या कर्करोगातून बरे झाले होते आणि त्या मैफलीमागे मदतनिधीचा हेतू होता, एवढाच उल्लेख त्यात होता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख त्या एका वाक्यावर आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : कारेरास यांना नेमका कोणता आजार झाला होता आणि त्यातून मदतकार्याची संस्था कशी निघाली, हे सविस्तर सांगावे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारेरास यांचा जन्म ५ डिसेंबर १९४६ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. त्याच शहरातील लिसेउ या जुन्या ऑपेरागृहात, म्हणजे संपूर्ण गाण्यातून सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीतनाटकांच्या नाट्यगृहात, १९७० साली त्यांनी एका छोट्या भूमिकेत गायला सुरुवात केली, आणि ज्येष्ठ सोप्रानो (स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीच्या) गायिका मोन्सेरात काबाये यांनी त्यांचा आवाज हेरून त्यांना पुढे आणले. त्यानंतरची त्यांची चढण विलक्षण वेगाची होती. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ते चोवीस ऑपेरांमध्ये प्रमुख भूमिका गायले होते, आणि लंडनचे कोव्हेंट गार्डन, न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन आणि मिलानचे ला स्काला या तिन्ही रंगमंचांवर त्यांनी पाऊल ठेवले होते.

जुलै १९८७ मध्ये पुच्चिनीच्या 'ला बोहेम' या ऑपेरावरील चित्रपटाच्या कामासाठी ते पॅरिसला गेले असता त्यांची प्रकृती ढासळली आणि तपासणीत 'अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' हा रक्ताचा कर्करोग निघाला. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते, आणि वाचण्याची शक्यता दहात एक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. या आजारात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील ज्या मऊ भागात रक्त तयार होते तिथे, अपरिपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते, निरोगी रक्तपेशींना जागा उरत नाही, आणि रुग्णाला रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव या तिन्ही बाजूंनी धोका निर्माण होतो. बार्सिलोनातील प्राथमिक उपचारांनंतर त्यांना अमेरिकेतील सिअॅटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात नेण्यात आले. तिथे त्यांची स्वतःचीच अस्थिमज्जा काढून, तिच्यातील कर्करोगाच्या पेशी शक्य तितक्या दूर करून, जबर केमोथेरपी आणि किरणोपचारांनंतर ती पुन्हा त्यांच्या शरीरात सोडण्यात आली.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे तंत्र ज्यांनी अनेक वर्षे अपयश सोसून उभे केले, ते डॉ. ई. डॉनल थॉमस याच केंद्रात काम करत होते. रोमची मैफल जुलै १९९० मध्ये झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. थॉमस यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. कारेरास यांचे गाणे परत आले याचे श्रेय त्यांच्या जिद्दीला जसे आहे, तसे या प्रयोगशाळेतील दीर्घ परिश्रमालाही आहे. कारेरास यांनी ही जाण पुढे कृतीतून दाखवली, म्हणूनच तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला.

आता संस्थेविषयी. एरवी या कथेत मैफलीला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे तारखांच्या क्रमाला मिळत नाही, आणि मला तोच क्रम सर्वांत बोलका वाटतो. कारेरास यांनी आपल्या संस्थेची स्थापना १४ जुलै १९८८ रोजी बार्सिलोनात केली. आजारानंतरची आपली पहिली मोठी जाहीर मैफल त्यांनी त्यानंतर एका आठवड्याने, २१ जुलै १९८८ रोजी, त्याच शहरातील आर्क दे त्रिओंफ या कमानीपाशी उघड्यावर केली. ती विनामूल्य होती, आणि सुमारे दीड लाख लोक त्यांना ऐकायला जमले होते. म्हणजे आवाज पूर्वीसारखा लागेल की नाही, ऑपेराच्या रंगमंचावर पुन्हा उभे राहता येईल की नाही, हे काहीही ठरलेले नसताना संस्थेची कागदपत्रे तयार झाली होती. गायकाने प्रसिद्धीच्या शिखरावरून दान करणे वेगळे आणि स्वतःचे भवितव्य अधांतरी असताना दुसऱ्या रुग्णांची सोय लावायला बसणे वेगळे.

रोमची मैफल ७ जुलै १९९० रोजी, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, काराकाल्ला येथील प्राचीन रोमन स्नानगृहांच्या अवशेषांत झाली. लुचियानो पावारोत्ती आणि प्लासिदो दोमिंगो हे कारेरास यांचे समकालीन, आणि म्हणून एका अर्थाने प्रतिस्पर्धी. ते दोघे आपल्या सहकाऱ्याचे स्वागत करायला आणि त्याच्या संस्थेसाठी निधी उभा करायला एका व्यासपीठावर आले. दोन वाद्यवृंदांच्या त्या प्रचंड ताफ्याचे संचालन झुबिन मेहता यांनी केले. मेहता यांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आपल्या वाचकांपैकी काहींनी झुबिन यांना मुंबईत प्रत्यक्ष ऐकलेही असेल.

प्रश्न : "निधी जमला" असे आपण वाचतो, पण त्या पैशांचे पुढे काय झाले हे क्वचितच कळते. कारेरास यांच्या संस्थेने प्रत्यक्षात काय केले? – एक वाचक, पुणे

उत्तर : हा प्रश्न आल्याचा विशेष आनंद झाला, कारण या विषयाचा गाभा इथेच आहे.

वर म्हटल्याप्रमाणे कारेरास यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले; त्यांना दुसऱ्या दात्याची गरज पडली नाही. परंतु ल्युकेमियाच्या असंख्य रुग्णांना ती पडते. दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरील 'एचएलए' नावाच्या खुणा जुळल्या तरच प्रत्यारोपण यशस्वी होण्याची चांगली आशा असते. या खुणा निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून येतात, त्यामुळे सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी त्या पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. कुटुंबे लहान झाल्यावर तर घरात दाता सापडणे आणखीच अवघड. घरात कोणी जुळत नसेल तर जगाच्या पाठीवर कुठेतरी असलेला अनोळखी माणूस शोधावा लागतो, आणि तो शोधायचा तर हजारो, लाखो निरोगी लोकांच्या खुणांची आधीच तपासणी होऊन त्यांची नोंद कुठेतरी असावी लागते.

कारेरास यांच्या संस्थेने १९९१ मध्ये स्पेनमध्ये अशी नोंदणी सुरू केली. 'रेडमो' हे तिचे संक्षिप्त नाव. पुढे तेथील सरकारी आरोग्ययंत्रणेशी करार होऊन ती देशाची अधिकृत अस्थिमज्जा-दाता नोंदणी झाली. स्पेनमधील एखाद्या रुग्णालयात दात्याची गरज भासली की नोंदणीचे कार्यालय आधी देशातील यादी आणि मग इतर देशांच्या याद्या धुंडाळते, दाता मिळाल्यावर त्याच्या तपासण्या, पेशी काढण्याची तारीख आणि विशिष्ट तापमानात त्यांची वाहतूक यांची जुळवाजुळव करते. या कामात टाळ्यांचा एकही प्रसंग नाही. आठवड्याचे सातही दिवस फोनवर बसणारी माणसे, प्रयोगशाळांची बिले आणि वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवावे लागणारे पत्ते, असे त्याचे स्वरूप आहे. एका रात्रीच्या गल्ल्यावर ते चालत नाही. माझ्या मते कारेरास यांचे मोठेपण त्यांनी किती मैफली केल्या यापेक्षा, मैफलीतून आलेला पैसा त्यांनी अशा न दिसणाऱ्या, कधीही न संपणाऱ्या कामाला लावला यात आहे.

दुसरे काम निवाऱ्याचे. प्रत्यारोपणाची सोय असलेली रुग्णालये मोजक्या शहरांत असतात, आणि रुग्णाला उपचारांनंतरही कित्येक आठवडे रुग्णालयाजवळ राहावे लागते. बाहेरगावच्या कुटुंबांसाठी या संस्थेने रुग्णालयांच्या परिसरात सदनिका घेऊन तिथे रुग्ण आणि नातेवाइकांची विनामूल्य राहण्याची सोय केली. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरे काम संशोधनाचे. तरुण संशोधकांना पाठ्यवृत्ती देण्यापासून सुरुवात झाली, आणि त्यांतील एका पाठ्यवृत्तीला डॉ. थॉमस यांचे नाव दिले गेले. २०१० मध्ये काटालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याच्या, सरकारच्या साहाय्याने बार्सिलोना परिसरात केवळ ल्युकेमिया आणि रक्ताच्या इतर कर्करोगांवर काम करणारी स्वतंत्र संशोधनसंस्थाच उभी राहिली.

जर्मनीतील कामाचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. तिथे १९९५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लाइपझिग येथून दूरचित्रवाणीवर निधीसंकलनाचा पहिला कार्यक्रम झाला. तेव्हापासून डिसेंबर महिन्यातील हा कार्यक्रम जर्मन घरांत रुजला. कारेरास स्वतः गातात, इतर गायकांना बोलावतात, मधूनमधून रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या मुलाखती होतात, आणि प्रेक्षक घरी बसून फोनवरून देणगी नोंदवतात. या मार्गाने गेल्या तीन दशकांत २० कोटी युरोंहून अधिक रक्कम जमली असून तिच्यातून संशोधन, रुग्णालयांतील प्रत्यारोपण कक्ष आणि रुग्णांना थेट साहाय्य अशा शेकडो प्रकल्पांना पैसा मिळाला आहे. ऑपेरागृहात दोन-अडीच हजार माणसे मावतात आणि तिकीटही सर्वांना परवडणारे नसते. लहान लहान देणग्या देणारे लाखो लोक दूरचित्रवाणीमुळे जोडले गेले, आणि एकदा दिलेली देणगी पुढल्या डिसेंबरात पुन्हा देण्याची सवय लागली. संस्थेला दरवर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येऊ लागला, आणि त्यामुळेच तिला अनेक वर्षे चालणाऱ्या संशोधनाला शब्द देता आला.

प्रश्न : आजारानंतर कारेरास यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : ते ऑपेराच्या रंगमंचावर परतले. लिसेउमध्ये १९८९ साली त्यांनी कोलंबसाच्या जीवनावरील नव्या ऑपेरात प्रमुख भूमिका गायली, आणि कोव्हेंट गार्डनमध्ये १९९१ मध्ये 'साँसों ए दालिला' आणि १९९३ मध्ये व्हेर्दीचा 'स्तिफेलियो' या ऑपेरांत ते उभे राहिले. मात्र त्यांच्या ऐन तारुण्यातील ध्वनिमुद्रणांत वरच्या स्वरांवर जी सहज, मखमली झळाळी ऐकू येते ती पुढे तशी राहिली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. आवाज जड झाला, आणि त्यांनी हळूहळू संपूर्ण ऑपेरांपेक्षा एकल मैफलींवर भर दिला.

याचा मदतकार्याशी एक व्यावहारिक संबंध आहे. संपूर्ण ऑपेरा उभा करायचा म्हणजे वाद्यवृंद, समूहगायक, नेपथ्य, वेशभूषा, आठवडेच्या आठवडे तालमी. तिकिटे हातोहात खपली तरी खर्च भागवण्यातच उत्पन्न संपते. एकल मैफलीला गायक आणि पियानोवादक एवढे दोघे पुरतात, आणि जमलेल्या रकमेचा बराच मोठा वाटा कार्यासाठी शिल्लक राहतो.

प्रश्न : बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या 'संयुक्त मानापमान'ची आठवण आमच्याकडे अजून अभिमानाने काढली जाते. युरोपातील ऑपेरा गायकांमध्ये अशी परंपरा कारेरास यांच्या आधी होती का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण दिलेला दाखला अगदी योग्य आहे. ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन नट ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकत्र आले आणि टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी 'मानापमान'चा प्रयोग केला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवरावांचे निधन झाले. एरवी एकमेकांच्या गर्दीवर डोळा ठेवणारे कलावंत एका कार्यासाठी शेजारी उभे राहिले की श्रोता दुप्पट ओढीने येतो, हे मुंबईत १९२१ मध्ये जसे दिसले तसेच रोममध्ये १९९० मध्ये दिसले.

युरोपातील परंपरा बरीच जुनी आहे. ऑपेरांचा रचनाकार म्हणून गाजलेल्या हँडेलने आपल्या 'मसाया' या धार्मिक संगीतकृतीचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे केला तो मदतीसाठीच. कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी आणि शहरातील दोन रुग्णालये यांना त्याचे उत्पन्न वाटून देण्यात आले, आणि त्या पैशातून १४२ कर्जदारांची सुटका झाली. पुढे १७५० पासून लंडनमधील बेवारस मुलांच्या अनाथालयासाठी याच कृतीचे प्रयोग दरवर्षी होऊ लागले.

परंतु गायिकेने स्वतःच्या कमाईचा एवढा मोठा भाग लोककार्याला द्यावा, याचे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जेनी लिंड. जन्म १८२० चा, स्टॉकहोमचा. बालपण आर्थिक ओढाताणीत गेलेले. युरोपभर त्यांच्या नावाचा असा बोलबाला झाला, की त्या गाणार म्हटल्यावर नाट्यगृहाबाहेर चेंगराचेंगरी होई. लंडनमध्ये १८४८ साली त्यांनी क्षयरोग्यांच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयासाठी एक मैफल केली आणि तिचे उत्पन्न १,६०० पौंडांच्या वर गेले. नॉरिच येथे १८४९ मध्ये त्यांनी केलेल्या मैफलींच्या पैशातून आजारी मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले आणि आज त्या शहरातील मुलांच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. मेंडेल्सझोन या संगीतकाराच्या अकाली निधनानंतर त्याच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती सुरू करण्यासाठीही त्या गायल्या, आणि त्या शिष्यवृत्तीचा पहिला मानकरी आर्थर सलिव्हन पुढे इंग्लंडचा नामवंत संगीतकार झाला.

त्यांच्या अमेरिकेच्या दौऱ्याची हकिगत मला त्यांच्या दानाइतकीच त्यांच्या व्यवहारज्ञानासाठी महत्त्वाची वाटते. पी. टी. बार्नम या संग्रहालय आणि तमाशांच्या धंद्यात गब्बर झालेल्या माणसाने त्यांना १५० मैफलींसाठी प्रत्येकी १,००० डॉलर देऊ केले. लिंड यांनी होकार दिला तो संपूर्ण रक्कम, म्हणजे १,८७,५०० डॉलर इतकी ठेव खर्चासह आधी बँकेत भरण्याच्या अटीवर. या पैशातून स्वीडनमध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायच्या, हे त्यांच्या मनात आधीपासून पक्के होते. न्यूयॉर्कमधील कॅसल गार्डन येथे ११ सप्टेंबर १८५० रोजी पहिली मैफल झाली. तिच्यातील आपला सुमारे १०,००० डॉलरचा वाटा त्यांनी त्याच शहरातील धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. अग्निशामक दलाच्या मदतनिधीचाही त्यांत समावेश होता. पुढे बार्नमच्या बाजारू जाहिरातबाजीला कंटाळून त्यांनी करारातील तरतुदीनुसार फारकत घेतली आणि उरलेला दौरा स्वतः चालवला. सुमारे साडेतीन लाख डॉलरच्या एकूण कमाईतील मोठा भाग स्वीडनमधील शाळा आणि इतर लोकोपयोगी कामांकडे गेला.

विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाच्या ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मैफली करून युद्धपीडितांसाठी सुमारे एक लाख पौंड उभे केले, आणि १९१८ मध्ये त्यांना 'डेम' हा ब्रिटिश किताब मिळाला. दोमिंगो यांचे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक दुःखद आहे. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ रोजी झालेल्या भूकंपात त्यांचे जवळचे नातेवाईक एका इमारतीखाली गाडले गेले. दोमिंगो स्वतः ढिगारे उपसणाऱ्यांत उतरले, आणि नंतरच्या काळात ठरलेले कार्यक्रम बाजूला ठेवून भूकंपग्रस्तांसाठी गात राहिले.

प्रश्न : मोठे गायक अशा कार्यक्रमांतून प्रसिद्धी मिळवतात, त्यांच्या ध्वनिमुद्रिका खपतात, आणि गरजूंपर्यंत किती पोचते ते कोणी विचारत नाही. आपण याकडे कसे पाहता? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपला संशय रास्त आहे आणि तो बाजूला सारावा असे मला वाटत नाही. रोमच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रणांत गणले जाते, आणि त्या यशानंतर लॉस एंजेलिसला १९९४ मध्ये व पॅरिसला १९९८ मध्ये झालेल्या त्रयीच्या मैफली हे उघड उघड मोठे व्यावसायिक कार्यक्रम होते. त्यांत गैर काही नाही. गायकाने मेहनताना घ्यावा. मात्र व्यावसायिक कार्यक्रमाला सेवेचा मुलामा देणे आणि सेवेसाठी कार्यक्रम करणे यांत श्रोत्याने फरक करायलाच हवा.

पावारोत्ती यांच्या कार्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. मोदेना या आपल्या गावी १९९२ पासून त्यांनी पॉप आणि रॉक गायकांना सोबत घेऊन मदतनिधीच्या मैफली सुरू केल्या. शुद्धतेचा आग्रह धरणारे समीक्षक त्यावर रागावले, परंतु बोस्नियातील युद्धात होरपळलेल्या मुलांकडे, आणि पुढे इतर देशांतील निर्वासितांकडे, त्यामुळे लक्ष आणि पैसा दोन्ही वळले. बोस्नियातील मोस्तार या उद्ध्वस्त शहरात डिसेंबर १९९७ मध्ये त्यांच्या नावाचे संगीतकेंद्र उघडले गेले. शहराचे दोन समाज युद्धाने एकमेकांपासून तोडले होते, आणि तिथे मुलांना वाद्ये शिकवणे व संगीताच्या आधारे मानसिक आघातांवर उपचार करणे हा या केंद्राचा उद्देश होता. निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचे नान्सेन पदक त्यांना २००१ मध्ये मिळाले. त्याच वर्षी, हे केंद्र बांधणाऱ्या ब्रिटिश मदतसंस्थेतील काही जबाबदार व्यक्तींनी बांधकामाच्या कंत्राटांत लाच घेतल्याचे उजेडात आले, आणि पावारोत्ती यांच्यासह अनेक नामवंतांनी त्या संस्थेला दिलेला पाठिंबा काढून घेतला. गायक प्रामाणिक होता, श्रोते प्रामाणिक होते, मुलांची गरज खरी होती. तरीही मधल्या हातांवर देखरेख नसल्यामुळे सर्वांच्या विश्वासाला तडा गेला.

म्हणून केवळ नावाला भुलू नये. संस्था कोणत्या एका कामासाठी आहे, तिचे हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होतात का, पैसा कोणाला द्यायचा हे त्या विषयातील जाणकार ठरवतात की गायक आणि त्याचे मित्र, आणि कार्यक्रम संपल्यावर उरलेले वर्षभर ती काय करते, हे विचारावे. कारेरास यांच्या संस्थेत संशोधनाला मदत देण्याचे निर्णय तज्ज्ञांच्या वैज्ञानिक समितीच्या सल्ल्याने होतात, हे मला त्यांच्या कोणत्याही मैफलीइतकेच महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : आम्ही काही जण शास्त्रीय गायन शिकतो. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी गावात एक मैफल करावी असा विचार आहे. कशी सुरुवात करावी? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : आपला विचार वाचून मनापासून समाधान वाटले. दोन गोष्टी सांगतो.

पहिली पैशाची. मैफलीची तारीख ठरवण्याआधी पैसे कोणाला द्यायचे ते ठरवा, आणि शक्यतो रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलून एकच नेमकी गरज निवडा. एका रुग्णाच्या तपासण्या, औषधांचा एक टप्पा किंवा नातेवाइकांच्या राहण्याचा खर्च असे काहीही चालेल. नोंदणीकृत नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, जशी ती गणेशोत्सव मंडळे घेतात. त्यापेक्षा आधीच नोंदणी असलेल्या विश्वासू न्यासाच्या खात्यात पैसे थेट जमा करणे सोपे, आणि देणगीदारांना प्राप्तिकराच्या सवलतीसाठी पावतीही मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे. सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा आणि साथीदारांचे मानधन वजा जाता किती उरले, ते महिनाभरात सर्वांना लेखी कळवावे. साथीदारांना मानधन देण्याचे मात्र टाळू नका. तबलजी आणि संवादिनीवादक यांचा चरितार्थ त्यावर असतो, आणि दान करण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. एचएलए जुळण्याचा संबंध वंशपरंपरेशी असल्यामुळे भारतीय रुग्णाला दाता सापडण्याची शक्यता भारतीय लोकांमध्येच सर्वाधिक असते. जगभरातील नोंदणीत आज चार कोटींहून अधिक दाते आहेत, परंतु लोकसंख्येच्या मानाने त्यांतील भारतीयांचे प्रमाण अत्यंत कमी आहे. आपल्याकडे चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून हे काम करते. नोंदणीसाठी १८ ते ५० वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तीच्या गालाच्या आतील बाजूचा नमुना कापसाच्या काडीने घेतात. त्यात सुई टोचावी लागत नाही. पुढे कधी एखाद्या रुग्णाशी खुणा जुळल्या, तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शने देऊन रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरवल्या जातात आणि प्लेटलेट्स काढतात तशाच पद्धतीने हातातील शिरेतून गोळा केल्या जातात. शरीर त्या काही आठवड्यांत भरून काढते. पाठीच्या कण्यातून काहीतरी काढतात हा समज खरा नाही, आणि तो दूर करणे हेच नोंदणी वाढवण्यातील सर्वांत मोठे काम आहे.

म्हणून नोंदणी करणाऱ्या संस्थेला मैफलीच्या दिवशी शिबिरासाठी बोलवा आणि मध्यंतर अर्ध्या तासाचे ठेवा. घरी जाऊन लोकांनी नाव मागे घेऊ नये यासाठी आधी डॉक्टरांकडून दहा मिनिटे नीट माहिती द्यावी, आणि शक्य असेल तर ज्याने प्रत्यक्ष पेशी दिल्या आहेत अशा दात्याला बोलवावे. नुसत्या उत्साहात नाव नोंदवून वेळेवर माघार घेणारा दाता रुग्णाच्या कुटुंबाचे फार नुकसान करतो, तेव्हा पन्नास अर्धवट तयार नावांपेक्षा विचारपूर्वक दिलेली दहा नावे अधिक मोलाची आहेत. तारीख ठरली की या सदराच्या पत्त्यावर कळवावे. पुढील अंकात तिची माहिती छापण्यात येईल.